न मिळालेल्या शेताचा बांध

जगात जमीन नसलेले शेतकरी पुष्कळ असतील, पण हातात न आलेल्या जमिनीच्या बांधावरून हाडवैर धरणारा माणूस मी एकच पाहिला. आमच्या अजमानच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहणारे हे काका दुबईच्या अल क्वोजमधल्या एका सुतारकामाच्या वर्कशॉपमध्ये फोरमन होते. माझं ऑफिस त्याच गल्लीच्या तोंडाशी, त्यामुळे रोज सकाळी ते माझ्या गाडीत असत. गाडी माझी, पेट्रोल माझं, पण लेन कोणती धरायची, एसी किती ठेवायचा आणि पुढच्या ट्रकवाल्याला हॉर्न द्यायचा की नाही, हे काका ठरवायचे. मी चिडले की म्हणायचे, "अगं, बैलगाडी हाकायची सवय आहे." बैलगाडी त्यांनी जन्मात हाकली नव्हती. ते रांगत होते तेव्हाच त्यांचं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं. बदल्यात सरकारने त्यांच्या वडिलांना दुसऱ्या तालुक्यात जमीन मंजूर केली, गट नंबरही दिला, फक्त ती मोजून ताब्यात द्यायची तेवढी राहिली. वडील वाट बघता बघता गेले आणि ती वाट काकांकडे वारसाहक्काने आली.

त्या मोजणीला दरवर्षी काहीतरी नवीन आडवं यायचं. एकदा मोजणीवाले पोचले तर तिथे भलत्याच कोणाचा ऊस उभा. मग निवडणूक लागली. ती संपली तर साहेबांची बदली झाली, आणि नव्या साहेबांनी सगळे कागद पहिल्यापासून मागवले. दुसरा कोणी कपाळाला हात लावून बसला असता. काका मात्र दर वेळी ठणकावून सांगायचे, "बाबा वाट बघत बसले. मी बसत नाही, मी तयारी करतो."

आणि तयारी तरी कसली! त्यांच्या फोनवर हवामान अजमानचं नसायचं, त्या तालुक्याचं असायचं. तिकडे पाऊस असला की इकडे भर जुलैत, अंगाची काहिली होत असताना, काका छत्री घेऊन लिफ्टमधून उतरत. तिकडे गारपीट झाली की दोन दिवस गाडीत मिठाची गुळणी धरून बसत. कांद्याचा भाव पडला तेव्हा त्यांना जेवण जाईना. मी म्हटलं, काका, तुम्ही कुठे कांदा लावलाय? तर म्हणाले, "लावला असता तर काय झालं असतं, तो विचार कर." वर्कशॉपमधल्या उरल्यासुरल्या सागवानातून त्यांनी शेताचं फाटक बनवून ठेवलं होतं. मल्याळी मालक बिचारा सज्जन, पण दर महिन्याला विचारायचा, "भाईसाब, ये गेट कब जाएगा?" काका म्हणत, "इन्शाल्ला, अगले महिने." ते इतके दिवस भिंतीला टेकून उभं राहिलं, की गिऱ्हाइकं त्याची किंमत विचारायला लागली. माझ्या मुलीला त्यांनी विहिरीजवळचा कोपरा झोपाळ्यासाठी देऊन टाकला होता. तिने विचारलं, "विल देअर बी वायफाय, आजोबा?" काकांनी त्याच क्षणी विहिरीवर वायफायचा खांब मंजूर केला.

हाडवैराचं सांगायचं राहिलंच. शारजात एक गिरणीवाले होते, आपल्याकडचं ज्वारी-बाजरीचं पीठ दळून द्यायचे. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी फराळाला बोलता बोलता कळलं, की तेही त्याच धरणाचे विस्थापित, जमीन त्याच शिवारात मंजूर, ताबा त्यांनाही नाही, आणि गट नंबर काकांच्या पुढचाच. लागोपाठचे नंबर म्हणजे बांधाला बांध! दोघांनी भर हॉलमध्ये कडकडून मिठी मारली. चकली संपून चहा येईपर्यंत दोघं एकमेकांचं तोंड बघेनासे झाले होते. काका म्हणाले बांधावर आंबा लावायचा. गिरणीवाले म्हणाले त्याच्या सावलीने माझा भुईमूग बसेल, आंबा लावायचाच तर अर्धा फूट तुमच्या हद्दीत लावा. अर्धा फूट! काका उठले ते थेट माझ्या गाडीत येऊन बसले. पुढे मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाला दोघं एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर बसत आणि मधे मी. "त्यांना म्हणावं, आंबा हलणार नाही." मी तोंड फिरवायच्या आत पलीकडून, "त्यांना म्हणावं, भुईमूगही हलणार नाही." अर्थात पीठ मात्र काका त्याच गिरणीचं आणायचे, माझ्याकरवी. म्हणायचे, शेजारी सोडून लांब कशाला जायचं? गिरणीवाल्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा काकांनी नाव न सांगता माझ्या हाती डबा पाठवला. पेशंटने एक घास घेतला आणि म्हणाले, एवढं तिखट म्हणजे त्यांचंच.

आणि गेल्या वर्षी खरोखरच मोजणीची तारीख आली. काकांनी नोकरीला खलास म्हटलं, फाटक कार्गोने पुढे गेलं. दोघांचं विमान एकच, म्हणून विमानतळावर दोघांना मीच सोडलं. काका पुढे, गिरणीवाले मागे. वाटेत दोघंही अवाक्षर बोलले नाहीत, फक्त सिग्नलला दोघांनी फोन काढून एकाच तालुक्याचं हवामान बघितलं.

मोजणीनंतर चार-पाच दिवसांनी काकांचा फोन आला. एरवी ते असे ओरडतात की फोनची गरज नसते, त्या दिवशी आवाज एकदम खाली. मी घाबरूनच विचारलं, मिळाली ना? मिळाली म्हणाले. काळीभोर आहे, फाटकही बसवलं. मग झालं काय? तर साहेबांनी नकाशा उलगडून दाखवला होता. नंबर एका ओळीने जात जात टोकाला संपत होते आणि पुढची ओळ पार दुसऱ्या टोकापासून सुरू होत होती. काका या ओळीचे शेवटचे, गिरणीवाले त्या ओळीचे पहिले. मधे ओढा आणि लोकांची शेतंच शेतं.

"म्हणजे आम्ही शेजारी नव्हतोच गं," काका म्हणाले.

मला आधी हसू आलं, मग फार वाईट वाटलं. त्यांना शेजार मिळाला एका निवृत्त मास्तरांचा. मास्तरांनी आपणहून फूटभर जागा सोडली आणि म्हणाले, हवं ते झाड लावा. असल्या माणसाशी बोलायचं तरी काय, काका म्हणाले. आणि मग घसा खाकरून त्यांनी सांगितलं, की गिरणीवाल्यांच्या लगतचा शेतकरी तयार आहे, म्हणून सरकारकडे जमिनींच्या अदलाबदलीचा अर्ज टाकलाय. मी कपाळावर हात मारला. अहो काका, एक जमीन मिळायला दोन पिढ्या लागल्या, आता हे कधी व्हायचं?

"होईल की. मी तयारी केलीय. आंब्याचं रोप आणलंय, पिशवीतच ठेवलंय."

पुढच्या महिन्यात गिरणीवाले गिरणी विकायला शारजात आले. मी शेवटचं पीठ आणायला गेले आणि त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी पिठाच्या पिशवीचं तोंड दोनदा बांधलं, दोनदा सोडलं. मग म्हणाले, "त्यांना म्हणावं, अर्धा फूट त्यांच्याच हद्दीत. एक बोट इकडे आलं तर मी उपटून टाकीन." आणि डोळ्यांत पीठ गेलं म्हणून आत निघून गेले. गिरणी तेव्हा बंद होती.

निरोप ऐकून काकांना इतका आनंद झाला, की जमीन मिळाल्याचाही झाला नव्हता. "बघ! म्हटलं नव्हतं, हा माणूस ऐकणाऱ्यातला नाही?" असं दोनदोनदा म्हणाले.

आता मी सकाळी एकटी जाते. लेन माझी, एसी माझा, हॉर्नही माझा, आणि मला काकांची फार आठवण येते. गाडी सुरू करण्याआधी फोनवर त्या तालुक्याचं हवामान बघायची मलाही सवय लागली आहे. आज तिकडे कडक ऊन दाखवतंय. पिशवीतल्या रोपाला काकांनी पाणी घातलं असेल, माहीत आहे मला, तरी विचारून घेते.