गायकवाडांचा मेल अडवणारा मीच

मित्रांनो, आज माझीच जीभ मला नडली.

आमच्या जालन्याच्या बियाणे कंपनीत ईमेल सुरक्षेचे नवे नियम मी लावलेत. ऑफिसचा मेल उघडायला फोनवर आलेला कोड टाकावा लागतो आणि बाहेरच्या पत्त्यावरून फाइल आली की मेल अडतो. मी तपासून सोडायचा.

भोकरदनचे आमचे फील्ड ऑफिसर गायकवाड यांचा उगवण चाचणीचा अहवाल चार दिवस आला नव्हता. सकाळी ऑफिसच्या ग्रुपवर मी लिहिलं, "गायकवाड, बियाणं उगवलं, तुमचा अहवाल कधी उगवणार?" सगळे हसले.

दुपारी त्यांचा फोन आला. "सर, सोमवारीच पाठवला. नव्या नियमाचा कोड माझ्या फोनवर येऊनच न्हाई राह्यला, मंग पोरीच्या मेलवरून पाठवला."

अडवलेल्या मेलची यादी मी आज पहिल्यांदा उघडली. अहवाल सोमवारपासून तिथेच होता.

"चुकलो, गायकवाड."

"जाऊ द्या सर. पण पोरीनं माझ्या फोनवर ग्रुप वाचला. म्हणून राह्यली, पप्पा, माझ्याकडूनच पत्ता चुकला का?"

अपमान चारचौघांत केला आणि माफी फोनवर हळूच मागितली. संध्याकाळी ग्रुपवर तीच माफी टाइप केली, तर पाठवायला अर्धा तास लागला.

टोमणा एका क्षणात जातो. माफीच का अडते हो आपल्याकडे?