साडेबारा हजार किलोमीटर

मंडईच्या मागच्या गल्लीत दादामियाँचं बॅगा दुरुस्तीचं दुकान. चाक निखळलेली, कोपरा फुटलेली, कुठलीही बॅग ते पुन्हा प्रवासाला उभी करून देत. स्वतः मात्र कधी विमानात बसले नव्हते. मोहल्ल्यात त्यांचा शब्द चालायचा तो वेगळ्याच कामात. कुणाकडे मयत झाली की माणसं आधी त्यांच्याकडे येत. कफन, कब्रस्तान, सगळं तेच बघत आणि दफनाची वेळही तेच सांगत. ती ठरलेली असे: पुढची नमाज. कुणासाठी थांबायचं नाही. मयतीला तिष्ठत ठेवणं म्हणजे तिचा अपमान, असं त्यांचं पक्कं मत.

चार वर्षांपूर्वी शेजारच्या शाहिदचे वडील गेले. शाहिद तेव्हा दुबईत. "सहा तासांत पोचतो, चाचा," म्हणून फोनवर गयावया करत होता. दादामियाँ म्हणाले, "विमान काय तू चालवणार आहेस?" शाहिद आला तेव्हा कबरीवरची माती ओली होती.

आणि आज पहाटे मदिनाबी गेली. दादामियाँची बायको, बेचाळीस वर्षांचा संसार. आईचं काही खरं नाही असं कळल्यावर मुलगा जुनेद टोरांटोच्या विमानतळावर येऊन बसलाच होता.

मुलगी शाइस्ता फोन घेऊन बाहेर आली. "अब्बा, त्याचं विमान आपल्या साडेआठला सुटतंय. साडेबारा हजार किलोमीटर, मध्ये एकदा बदलायचं. मुंबईपर्यंत बावीस तास, पुढे टॅक्सी. उद्या दुपारच्या आत घरात असेल. तोंड तरी बघू दे त्याला."

घर माणसांनी भरलेलं. सगळे दादामियाँकडे बघत होते. त्यांना वाटलं, 'आमच्या वेळी नाही थांबलात' असं एकानं जरी म्हटलं, तरी भांडून थांबता येईल.

बोलला शाहिदच, पण भलतंच. "थांबा, चाचा. बर्फाची पेटी मी आणतो. कुणी काही म्हणणार नाही."

थांबण्याची उरलीसुरली फटही त्याच्या चांगुलपणानं बुजवली. आता थांबायचं म्हणजे याच्या बापाला आपण उगाच घाई केली, हे याच्याच समोर कबूल करायचं.

"आजच. दुपारी, जोहरच्या नमाजनंतर," दादामियाँ म्हणाले आणि शाइस्ताकडून फोन घेतला.

"अब्बा, आत सोडायला लागलेत. थांबाल ना?"

खोटंच हो म्हटलं असतं, तर पोरगं आशेवर विमानात बसून आलं असतं. दादामियाँना ते जमलं नाही.

"नाही, बेटा. दुपारी नेतोय."

विमानतळाच्या गलक्यातून जुनेद म्हणाला, "मग येऊ कशाला?"

'माझ्यासाठी ये' म्हणायला दादामियाँनी तोंड उघडलं, तोवर फोन बंद झाला होता.

दुपारपर्यंत शाइस्ता नंबर फिरवत राहिली. "लागत नाही, अब्बा. बसला असेल विमानात."

"नाहीतर फोन बंद करून घरी गेला असेल."

"मधल्या विमानतळावर उतरला तर फोन लागेल. रात्री साडेदहापर्यंत काही कळायचं नाही."

दादामियाँनी मान हलवली. जनाजा दारात तयार होता.

"चाचा, उचलायचं?" शाहिदनं विचारलं.

"उचला," ते म्हणाले, आणि पुढे मुलानं खांदा द्यायचा त्या जागी स्वतः जाऊन उभे राहिले.