आक्कांनी पॅडं धुतली

कुठलंही पांढरं कापड हातात आलं, की आक्का त्याचं टोक जिभेला लावत. आहेरातला टॉवेल असो नाहीतर दवाखान्यातली पट्टी, चव घेतल्याशिवाय त्यांचं भागत नसे. "सूत पांढरं करताना ब्लीचिंग घालत्यात. धुऊन निघालं न्हाय तर जिभेला कळतंय," असं त्या सांगत. सगळा जन्म हातमागावर काढलेल्या बाईशी वाद कोण घालणार?

वडगावात माझं मेडिकलचं दुकान आहे, आणि आक्का समोरच्या गल्लीत राहत. तुमच्याही ओळखीत अशी एखादी बाई असेल, जिला हळू बोलताच येत नाही. एकदा त्यांनी पॅडचं पाकीट मागितलं. मी सवयीनं ते वर्तमानपत्रात गुंडाळू लागले, तर त्यांनी हातातून घेतलं, तिथंच फोडलं आणि एक पॅड काढून जिभेला लावलं. दुकानातली पुरुष गिऱ्हाईकं एकदम भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागली.

"ह्ये एवढं पांढरं कशानं केलंय गं?"

मी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. किंमत होती, फुलांच्या सुगंधाची जाहिरात होती. पांढरं कशानं केलं ते कुठंच नव्हतं. मी म्हटलं, "कोणी क्लोरीन वापरतं, कोणी दुसरं काही. त्याचा अंश मागं राहतो का, आणि त्यानं किती अपाय होतो, यावर अजून वाद चाललाय, आक्का."

"म्हंजे तुलाबी म्हाईत न्हाय."

मला राग आला, पण बाई खोटं बोलत नव्हती.

आक्कांना ही चौकशी करायला कारण होतं. त्यांच्या नातीची पाळी नुकतीच सुरू झाली होती, आणि दर खेपेला तिला पुरळ उठे. चालताना आग होई, शाळा बुडे. पोरगी कुणाला सांगत नव्हती; आजीनंच तिच्या चालण्यावरून ओळखलं होतं.

मग आक्कांनी स्वतःच उपाय काढला. ब्लीच केलेलं सूत जसं पाण्यावर पाणी बदलून खळबळायचं, तशीच त्यांनी अख्ख्या पाकिटातली पॅडं बादलीत टाकली. पॅडच्या पोटात पाणी धरून ठेवणारी पावडर असते, हे त्यांना सांगायचं मला सुचलं नव्हतं. बादलीतलं पाणी गायब झालं आणि पॅडं उशीएवढी फुगली. आक्कांनी आणखी पाणी ओतलं. पिळायला गेल्या तर मोरीभर साबुदाण्याची खीर. जी धड राहिली ती त्यांनी गच्चीवर चिमटे लावून ओळीनं वाळत घातली. नेमकी तेव्हाच नात मैत्रिणींबरोबर क्लासहून येत होती.

त्या दिवसापासून ती आजीशी बोलेना.

शेवटी मीच दोघींना डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेले. त्या म्हणाल्या, पुरळ ब्लीचमुळंच आहे असं छातीठोक सांगता येणार नाही. सुगंधाचाही त्रास होऊ शकतो, म्हणून बिनवासाची घ्या, वेळेवर बदला. मला वाटलं, आक्का आता गप्प होतील. रिक्षात बसता बसता त्या म्हणाल्या, "वास कशाला लावत्यात? ब्लीचिंगचा वास लपवायला." नात रस्त्याकडं बघत होती.

थंडीत आक्कांनी अंथरूण धरलं. दुकानात निरोप येई, "पोरीचं पुरळ गेलं का ईचार." मी विचारलं, की पोरगी पाकीट उचलून पळे. गल्लीभर ऐकू जाईल असं बोलणारी ही बाई स्वतःच्या नातीला एवढं विचारायला भीत होती. मला फार वाईट वाटायचं.

मी त्यांना बघायला गेले, तर नात खोलीच्या दाराबाहेर उभी. "ती बाजूला हाय," आक्कांची सून, पोरीची आई, म्हणाली. "आजारी माणसाला शिवायचं न्हाय."

आक्कांनी डोळे उघडले. "मला काय हुतंय आता? ये गं, बस हितं."

पोरगी आईकडं बघत जरा थांबली. मग सरळ आत येऊन अंथरुणावर बसली.

"पुरळ गेलं, आजी. कवाच गेलं."

"मग सांगायचं न्हाय व्हय? हितं जीव टांगणीला लागलाय माझा."

"तू परत गच्चीवर काय तरी वाळत घालशील म्हणून न्हाय सांगितलं."

आक्का हसल्या, हसता हसता खोकल्या, आणि पोरगी त्यांची पाठ चोळत रडायला लागली.

दोनच दिवसांनी आक्का गेल्या. तेव्हा त्यांचं डोकं नातीच्या मांडीवर होतं, आणि बाजूला हो म्हणायची कुणाची छाती झाली नाही.