टाकीची वही सरांनी मोठ्यानं वाचली

मित्रांनो, दुपारपासून नुसती धावपळ होती. आता कुठे नीट लिहू शकतोय.

टेंभुर्णीत आमच्या वॉर्डाच्या पाण्याच्या टाकीत जंतुनाशक पावडर टाकायचं काम माझं. या आठवड्यात गल्लीत लेकरांना जुलाब सुरू झाले आणि आज ग्रामसभेत सगळे माझ्यावर तुटून पडले.

"यानं पावडर टाकलीच न्हाई. काढून टाका याला!"

पावडर आठ दिवसांपूर्वीच संपली होती. पंचायतीसाठी रोज लिहितो ती टाकीची वही मी पुढे केली, पण कोणी बघेना.

तेव्हा जालन्याच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवणारे आमच्या गावचे सर उठले. माझ्या हातातली वही घेऊन मोठ्यानं वाचू लागले. रोजची तारीख आणि पुढे एकच ओळ: 'पावडर शिल्लक नाही, कृपया मागवावी.' आठ वेळा.

"पोरगं आठ दिवस लिहून राह्यलं. वाचलं कोणी?"

सरपंच म्हणाले, "सर, राजकारण कॉलेजात ठेवा."

"भाऊ, मला विचाराल तर खरं राजकारण या वहीतच आहे. अन् दोष माझाबी आहे. दर रविवारी येतो तर मी बाटलीचं पाणी पितो. माय टाकीचंच पिते. ही वही मी कधी मागितली न्हाई."

सरपंचांनी लगेच गाडी पाठवून पावडर आणवली.

संध्याकाळी नळाच्या पाण्यात तपासणीचे थेंब टाकले. पाणी पिवळं झालं, म्हणजे पावडर पोहोचली. सरांनी त्याच नळाचा एक पेला भरून पिऊन टाकला आणि माझ्या आजच्या ओळीखाली लिहिलं, 'वाचले.' खाली सही.

तुमच्या गावात ही वही कोण वाचतं?