पोराच्या वाटचा पहिला घास

राग डोक्यात घेऊन सहलीला निघू नये म्हणतात. मी निघाले. मी शाळेत इतिहास शिकवते आणि गादीवरच्या लहान पोरांची गोष्ट आली की दरवेळी माझं डोकं फिरतं. भाऊबंद एकमेकांच्या जिवावर उठलेले असताना त्या पोराला वाढवलं कुणी? पुस्तकात कारभाऱ्याला चार ओळी, गुरुजींना एक, आणि ज्यांनी घरात लपवलं ते नुसते 'स्थानिक रहिवासी'. तलासरीच्या पूर्वेला अशा सांभाळणाऱ्यांचं एक घर अजून आहे, असं एक सहकारी बोलली आणि मी बॅग भरली.

मुक्काम डहाणूजवळ नरपडला, चिकूच्या वाडीत. खोली साधी, हजाराच्या आत. जेवणाचे पैसे वेगळे, पण तव्यावरचे बोंबील खाल्ल्यावर तक्रार राहत नाही. मालकीण वाक्य मराठीत सुरू करून गुजरातीत संपवायची. "जीप भरल्याशिवाय सुटायची नाय, घाई करू नका," ती म्हणाली. खरंच होतं, तलासरीला पोचेपर्यंत ऊन चढलं. तिथून उधव्याच्या रस्त्याला दुसरी जीप. हायवे सोडला की खड्डेच खड्डे, तेव्हा कंबर नाजूक असेल तर पुढची सीट भांडून घ्या. पाणी सोबत ठेवा.

गावात नव्या भाताचा सण होता. मी शोधत होते ते घर सोनीबायचं. म्हातारी ओट्यावर उडीद पाखडत बसली होती, आणि विचारायच्या आधीच बोलायला लागली.

"राजाला त्याच्याच माणसांनी विष घातला. पोर आमच्यात आणून ठेवला. गुरुजी त्याला अक्षरं शिकवायचे, आमचा म्हातारा रान शिकवायचा. आणि त्याच्या पानातला पहिला घास आमची म्हातारी खायची. थोडा वेळ बसायची. मग पोर जेवायचा."

म्हणून आजही नवा भात शिजला की पहिला घास या घरची बाई खाते, मग गाव. घास उचलताना काही शब्द म्हणायचे असतात, ते पानावर बसूनच घरातल्या पुढच्या बाईला द्यायचे. "यंदा सुनेला देणार," सोनीबाय म्हणाली. "माझा काय भरवसा?" सून मंजू, कडेवर तान्हं घेऊन, नुसती हसली.

दुपारी देवळापुढे बघते तर मांडव, माईक, सत्काराच्या शाली! नव्या उत्सव समितीने तालुक्याचे कुणी पुढारी बोलावलेले. अध्यक्ष माईकवर ओरडला, "मानाचा पहिला घास आपल्या साहेबांच्या हस्ते!" सोनीबायला खुर्ची मिळाली, तीही मागच्या रांगेत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी अध्यक्षाला गाठलं. "अहो, हा घास त्यांच्या घरचा आहे!"

"मॅडम, एक वर्ष साहेबांना मान दिला तर काय बिघडतं? गावाचा रस्ता होईल."

मी आणखी बोलणार, तोवर सोनीबाय उठून पानाशी गेली होती. मी मोबाईल काढून व्हिडिओ सुरू केला. साहेबांनी घास उचललेला, फोटोवाला तयार. म्हातारी शांतपणे म्हणाली, "खा, साहेब. पण शब्द बोलून खायचा असतो. म्हणा, पोराच्या वाटचं मरण मला येवो."

साहेबांचा हात तिथेच थांबला. "म्हणजे?"

"मान नाय हो तो. विष असेल तर आपण मरायचं, पोर वाचवायचं. एवढंच."

साहेबांनी घास हळूच पानात ठेवला आणि शुगरचं काहीतरी पुटपुटले. सोनीबायने सुनेला हाक मारली. मंजूने तान्हं सासूकडे दिलं, पानावर बसली, शब्द म्हणताना अडखळली, मग स्पष्ट म्हटले. घास खाल्ला. आणि कुणी न सांगता अख्खं गाव थोडा वेळ हात आवरून बसलं. साहेबसुद्धा.

घरी येऊन आठवडा झाला. समितीने फोटो टाकलाय: साहेब, हातात घास, खाली 'मानकरी'. अध्यक्षाचा मला फोनही आला, "तो व्हिडिओ टाकू नका, गावाची बदनामी होते." कसली बदनामी? लाज कशाची वाटावी हेसुद्धा कळू नये? मी टाकणार आहे, आणि तो कापणारही नाही. निघताना मी सोनीबायला विचारलं होतं, त्या पहिल्या म्हातारीचं नाव काय? तिलाही ठाऊक नव्हतं. "नाव कशाला ध्यानात ठेवेल कोण," ती म्हणाली. "पोर जगला ना?"