साजिदची दीर्घिका

साजिद अकोटला मामाच्या दुकानात चष्म्याच्या काचा घासायचा. दुकान बंद झालं की स्वतःची काच घासायचा. ती बारा इंच व्यासाची जाड काच रिकाम्या पिंपावर ठेवून तो तिच्याभोवती फिरत घासत राही. दोन वर्षांनी तिचा दुर्बिणीचा आरसा झाला.

त्याला एकच गोष्ट पाहायची होती. यमुना तारकासमूहातली एक दीर्घिका, सहा कोटी प्रकाशवर्षं दूर. तिच्या मधोमध ताऱ्यांचा सरळ दांडा आहे. दांड्याच्या दोन टोकांपासून दोन भुजा वळत जातात.

"फोटोत पाहून घे," मी म्हणालो.

"फोटोत कोनालेही दिसते बे. मले माह्या आरशात पाह्याची हाय."

ते भारनियमनाचे दिवस होते. संध्याकाळी लाईट गेली की गाव शिव्या द्यायचं. साजिद खूश व्हायचा.

२००६ च्या डिसेंबरातली अमावस्या होती. तुरीवर अळी पडली होती, म्हणून त्याने दिवसभर घरच्या शेतात औषध फवारलं. तोंडाला अम्मीची ओढणी बांधली होती. पाठीवरचा पंप गळत होता. अंधार पडला तसा तो अंघोळ न करताच गच्चीवर आला.

त्याने दुर्बीण लावली. डोळा टेकवला. बराच वेळ हलला नाही. थंडीत त्याला घाम फुटला होता.

"आरशावर दव पडलं वाटते. तू पाय."

मला नुसता धुरकट डाग दिसला.

"सरळ नको पाहू. अंधुक चीज बाजूले पायलं का दिसते."

नजर बाजूला नेली आणि दांडा दिसला.

"एखाद्या तलवारीसारखा..."

"उपमा नको देऊ लेका. हाय का नाही ते सांग."

"आहे."

त्याने पुन्हा डोळा लावला. "मग मले काऊन दिसत नाही?" म्हणाला, आणि तिथेच ओकला.

अकोल्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी त्याच्या डोळ्यांवर बॅटरी मारली. विषाने बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या. उजेड आत शिरायला जागाच नव्हती.

"किती प्यायला?" डॉक्टरांनी विचारलं.

"प्यायला नाही. फवारलं," मी म्हणालो.

"सगळे हेच सांगतात."

चौथ्या दिवशी साजिद गेला. तो प्यायला, हे गावाने ठरवून टाकलं होतं. लोक मला बाजूला घेऊन कारण विचारत. मी दीर्घिकेचं सांगितलं. एक जण हसला.

चाळिसाव्याला त्याच्या अम्मीने, बिल्कीसचाचीने, मला आत बोलावलं. चहा पुढे ठेवला.

"सच बोल बेटा. पिया था उसने?"

"नहीं चाची. तो गच्चीवर ती दीर्घिका पाहत होता."

त्यांनी चहा माझ्याकडे सरकवला.

"दिखी उसको?"

"नहीं," मी म्हणालो. "मुझे दिखी."

त्यांनी माझ्यासमोरचा चहा तसाच उचलला आणि आत नेला.