सात नंबरचा बोर्ड

घरात वहिनी तिला 'वन्सं' म्हणायची, भाची 'आत्या' म्हणायची आणि दाताच्या दवाखान्यातले पेशंट 'ओ बाई' म्हणायचे. पण तिची स्वतःची म्हणावी अशी हाक एकच होती, आणि ती छत्तीस वर्षांपूर्वी बंद पडली होती. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिला सगळे 'सात' म्हणत. कॉल जोडायच्या सात नंबरच्या बोर्डावर बसणारी, म्हणून सात.

आता ती चौसष्टची होती. भावाच्या घरी मागच्या खोलीत राहायची आणि सकाळी चार तास दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसून पेशंटचे नंबर पुकारायची. दादा होता तोवर संध्याकाळ बरी जायची. दोघांना एका इंग्रजी गुप्तहेर मालिकेचं वेड होतं. समुद्रकाठचं एक ओलं गाव, पायानं अधू असलेला एक चिडका इन्स्पेक्टर आणि कायम चहाचा थर्मास घेऊन फिरणारी त्याची सहकारी. शेवटची दहा मिनिटं राहिली की दादा टीव्ही बंद करायचा आणि म्हणायचा, "बोल, कोण?" दादा कपडे, बूट, घड्याळाचे काटे बघून सुतावरून स्वर्ग गाठायचा. ती डोळे मिटून फक्त ऐकायची आणि म्हणायची, "तो माळी खोटं बोलतोय." बहुतेक वेळा माळीच निघायचा.

मग दादा गेला. वहिनीला त्या मालिकेत काडीचा रस नव्हता. "सारखं कोणीतरी मेलेलं असतं, वन्सं. घरात काय कमी आहे का?" असं ती म्हणाली, आणि ते खरंच होतं. साताने मालिका एकटीनं बघायचा प्रयत्न केला. दहा मिनिटं राहिली की तीच टीव्ही बंद करायची आणि रिकाम्या खुर्चीकडे बघत बसायची.

भाचीनं ते दोनदा पाहिलं. तिसऱ्यांदा ती टॅब घेऊनच आली. "आत्या, तुझ्यासारखी वेडी अजून चाळीस आहेत जगात. हे बघ."

मराठी बोलणाऱ्या, पण जगभर विखुरलेल्या चाहत्यांचा तो एक समूह होता. आठवडाभर लिहून वाद घालायचे आणि रविवारी दुपारी तीन वाजता सगळ्यांनी एकाच वेळी एक भाग बघून, शेवटाच्या आधी थांबून, एकमेकांशी बोलायचं. समूह चालवणारे एक निवृत्त भूमितीचे मास्तर होते, त्यांनी नाव घेतलं होतं 'फौजदार'. एकीचं नाव 'ओली छत्री'.

"तुझं काय टाकू?" भाचीनं विचारलं.

"कान टाक," ती म्हणाली.

पहिले तीन रविवार तिनं तोंड उघडलं नाही. चौथ्या रविवारी सगळ्यांचा संशय डॉक्टरवर होता, तेव्हा ती हळूच म्हणाली, "डॉक्टर घाबरलाय, पण खोटं नाही बोलत. त्याची बायको 'शुभ रात्री' म्हणताना श्वास मध्येच तोडते. तिला ठाऊक आहे की तो माणूस मेलाय." बायकोच निघाली. त्या दिवसापासून फौजदार शेवटच्या दहा मिनिटांआधी विचारू लागले, "कान काय म्हणतात?" दादानंतर कोणीतरी तिला 'बोल, कोण' असं विचारत होतं. ती रविवारची वाट बघू लागली. दुपारी अडीचलाच केस विंचरून टॅबसमोर बसायची. कोणाला दिसत नसलं तरी.

समूहात 'थर्मास' नावाची एक बाई होती. फार गोड लिहायची. कोणी आजारी असेल तर चौकशी, कोणी नवा आला तर स्वागत, भांडण झालं तर समजूत. पण तिचा माइक बिघडलेला होता, त्यामुळे ती रविवारी नुसती लिहून बोलायची. पावसाळा सरता सरता एका रविवारी तिच्या मुलानं तो दुरुस्त करून दिला.

"हॅलो? येतोय का आवाज? मी थर्मास बोलतेय."

साताचा हात आपोआप उजव्या कानाकडे गेला, एक्स्चेंजमध्ये हेडफोन असायचा तिथे. छत्तीस वर्षं झाली होती, आवाज जाड झाला होता, तळाशी थोडी खरखर होती. पण शेवटचा शब्द ओठांत अर्धा ठेवून द्यायची ती खोड तशीच होती. ती आठ होती.

आठ नंबरचा बोर्ड साताच्या डाव्या हाताला होता. नऊ वर्षं दोघींच्या खुर्च्यांत वीतभर अंतर. एकीची कॉल जोडायची दोरी कमी पडली तर दुसरीची ओढायची, एकीचा डबा तो दुसरीचा. सुपरवायझरबाई दोघींना मिळून 'साताठ' म्हणायच्या. "साताठ, गप्पा बंद!"

आणि मग तो सोमवार. दुपारी साताने एक कॉल जोडला. गावातल्या मोठ्या कारखान्याचा मॅनेजर आणि परगावी असलेला त्याचा मालक. कॉलच्या नोंदीचं तिकीट लिहिलं, वेळ घातली आणि तिची अर्धशिशी उठली. डोळ्यांपुढे पांढऱ्या वेड्यावाकड्या रेघा नाचायला लागल्या. नोंद न करता बोर्ड सोडायचा नाही असा नियम होता, पण नोंद केली की पगारी रजा कापायचे. "बघशील जरा?" असं ती आठला म्हणाली आणि मागच्या खोलीत जाऊन बाकावर आडवी झाली. पाव तासानं परत आली, तर कॉल संपला होता.

मालकानं त्या कॉलमध्ये सांगितलं होतं की गुरुवारी पहाटे कारखान्याला टाळं ठोका. मंगळवारी सकाळीच आठशे कामगार फाटकावर हजर झाले. दगडफेक झाली, आणि एका पहारेकऱ्याचा डोळा गेला. आठचा भाऊ त्याच कारखान्यात फिटर होता.

चौकशीला तीन साहेब बसले. "हे तिकीट तुमच्या बोर्डाचं?" हो. "अक्षर तुमचं?" हो. "संभाषण तुम्ही ऐकलंत?" नाही. "मग कोणी ऐकलं?"

दारात आठ उभी होती. साताने तिच्याकडे पाहिलं. तिला वाटलं, आता बोलेल. आठ स्वतःच्या चपलांकडे बघत राहिली. अळीमिळी गुपचिळी.

"माहीत नाही," सात म्हणाली.

तिला काढून टाकलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं दादा म्हणाला. "नाव का नाही घेतलंस तिचं?" त्यानं विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "तिनं आपणहून घ्यायला नको?"  कॉल चोरून ऐकणारी म्हणून गावात बोभाटा झाला. ठरत आलेलं एक स्थळ होतं, त्यांनी निरोपही न पाठवता पाठ फिरवली. आठचं वर्षभरात लग्न झालं आणि ती दूर निघून गेली. साताने वाट बघितली. आधी तिच्या येण्याची, मग पत्राची, मग कशाचीच नाही.

थर्मासचा आवाज ऐकला त्या रविवारी फौजदारांनी विचारलं, "कान काय म्हणतात?" ती म्हणाली, "आज नीट ऐकू आलं नाही."

आठवडाभर तिनं कोणाला काही सांगितलं नाही. दवाखान्यात एकाच पेशंटला दोनदा पुकारलं. शेवटी शनिवारी दुपारी, वहिनी बाजारात गेली असताना, तिनं थर्मासला एकटीला लिहिलं. 'तुम्ही पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होतात का? आठ नंबरच्या बोर्डावर? मी सात.' खाली घरचा फोन नंबर टाकला.

पाच मिनिटांत फोन वाजला.

"सात! अगं सात!" आठ रडत होती आणि हसतही होती. "तू? कान म्हणजे तू? आणि मी वेडी तीन महिने तुझ्याशी बोलतेय! मला कधी आवाज लक्षात राहायचेच नाहीत गं. कशी आहेस? लग्न केलंस का? दादा कसा आहे?"

"दादा गेला. चैत्राच्या सुमारास."

"अरे देवा. किती चांगला माणूस होता. मला सायकलवरून सोडायचा घरी, आठवतं?"

ती बोलत राहिली. सुपरवायझरबाईंचा चष्मा, मागच्या खोलीतला तो एका पायानं डुगडुगणारा बाक, पावसात भिजून ठप्प होणाऱ्या लाइनी. तिला सगळं आठवत होतं. साताने फोन दुसऱ्या कानाला लावला. 

मग आठ मऊ आवाजात म्हणाली, "तुझ्याबद्दल फार वाईट वाटायचं मला. एवढ्याशा चुकीला केवढी शिक्षा! कोणाला नाही वाटत ऐकावं? आपण काय दगड होतो? तू ऐकलंस, तुला कामगारांची दया आली, बोलून गेलीस. मी तुला कधीच दोष दिला नाही हं. माझ्या मुलांनासुद्धा मी तुझी गोष्ट सांगते, माझी एक मैत्रीण होती म्हणून."

साताला क्षणभर वाटलं, लाइनमध्ये दुसरा कोणाचा तरी आवाज मिसळलाय.

"त्या दिवशी माझ्या बोर्डाकडे तू बघत होतीस," ती म्हणाली. "माझं डोकं उठलं होतं. मी मागे जाऊन पडले होते."

"मी?" आठ म्हणाली. "नाही गं. तो दुसरा कुठला दिवस असेल. तुझं डोकं तर नेहमीच उठायचं."

"त्याच दिवशी. तुझा भाऊ होता कारखान्यात."

"होता की. तोही होता त्या फाटकावर, बिचारा. पण त्याला बाहेरूनच कळलं सगळं. तू मनाला लावून घेऊ नकोस आता. झालं गेलं."

सात ऐकत होती. डोळे मिटून, नऊ वर्षं ऐकलं होतं तसं, कान देऊन. आवाज कुठे चढतो का, श्वास कुठे तुटतो का, शब्दांच्या मध्ये नको तितकी जागा पडते का. काहीच नव्हतं. आठ खोटं बोलत नव्हती. जे घडलं होतं ते तिनं कधीतरी, कुठल्या तरी वर्षी, स्वतःपुरतं बदलून घेतलं होतं, आणि आता तिच्यापाशी तेवढंच उरलं होतं.

संध्याकाळी साताने वहिनीला विचारलं, "दादानं तुम्हाला माझ्या नोकरीचं काय सांगितलं होतं?"

वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. "हेच की तुमची चूक नव्हती. दुसरीच कोणी होती, आणि तुम्ही नाव घेतलं नाहीत." तिनं उशीचा अभ्रा झटकला. "रागावू नका वन्सं, पण तेव्हाच बोलला असतात तर? आता कोण ऐकणार, आणि कोणाला पटणार?"

दादालाही जे माहीत होतं ते सातानेच सांगितलेलं होतं. कागद नव्हता, नोंद नव्हती, साक्षीदार नव्हता. रात्रभर नव्हे, पण पुढचे कितीतरी दिवस, टेबलावर बसल्या बसल्या ती त्याच पाव तासात परत परत जात होती. रेघा नाचत होत्या हे नक्की. बाक डुगडुगत होता हे नक्की. पण आठला 'बघशील जरा' असं म्हणाली होती, ते त्याच दिवशी? जाताना ऐकण्याची कळ वर करून बंद केली होती का? छत्तीस वर्षं ती ज्या एका गोष्टीवर ताठ मानेनं उभी होती, ती गोष्ट आता पायाखाली हलायला लागली, आणि आठबद्दल तिला सगळ्यात जास्त राग आला तो याचा.

फोनच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी, भाग सुरू व्हायच्या आधी थर्मास म्हणाली, "आज मला सगळ्यांना एक गोष्ट सांगायची आहे. आपले कान म्हणजे माझी सख्खी मैत्रीण निघाली!" आणि तिनं सगळं सांगितलं. एक्स्चेंज, साताठ, कारखाना, गेलेली नोकरी. "तरुणपणी तिच्या हातून एक चूक झाली, आणि बिचारीनं आयुष्यभर ती भोगली. पण मन किती मोठं होतं बघा, गरिबांसाठी केलं तिनं."

पडद्यावर बदाम उमटायला लागले. लाल, पिवळे, एकामागून एक. 'कान, तुम्हाला सलाम.' 'चुका कोणाकडून होत नाहीत?' ओल्या छत्रीनं लिहिलं, 'आम्ही सगळे तुमच्या पाठीशी आहोत, ताई.' चाळीस माणसांनी तिला एका दुपारी माफ करून टाकलं.

साताने माइक सुरू केला. "ती चूक माझी नव्हती," ती म्हणाली.

 मग फौजदार समजावणीच्या सुरात म्हणाले, "अगदी बरोबर. ती काळाचीच चूक होती. व्यवस्थेची म्हणा. चला, सुरू करू या का?"

"तसं नाही," ती म्हणाली, पण तोवर मालिकेचं सुरुवातीचं संगीत वाजायला लागलं होतं आणि तिचं बोलणं त्यात गेलं.

तो भाग तिनं शेवटपर्यंत बघितला. कोणी खून केला ते तिला पहिल्या पंधरा मिनिटांत कळलं होतं. फौजदारांनी विचारलं तेव्हा तिनं सांगितलं नाही. सोमवारी तिनं भाचीला बोलावलं आणि म्हणाली, "मला ह्यातून काढ."

"का गं? एवढी रमली होतीस."

"कान दुखतो सारखं ऐकून."

भाचीनं तिच्याकडे पाहिलं, काही विचारावं असं तिच्या मनात आलं असावं, पण ती घाईत होती. दोन बटणं दाबून तिनं टॅब परत दिला. समूहातून महिनाभर निरोप येत राहिले भाचीच्या पत्त्यावर, मग थांबले. मालिकेचे शेवटचे दोन भाग साताने पाहिले नाहीत.

आठचा फोन मात्र त्यानंतरही आला. एकदा साताने वाजू दिला. दुसऱ्यांदा वहिनीनं उचलला, बराच वेळ हसून बोलली, आणि मागच्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली.

"तुम्ही झोपलात म्हणून सांगितलं. फार मायेनं चौकशी करत होत्या हो तुमची. केवढं गोड बोलतात."

"हो," सात भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "पहिल्यापासून."